वय २६ आणि पाठ-कंबर कायमची धरलेली. तुमचं रोजच्या कशाने वाढतं, कशाने कमी होतं?

कॉट_बेसिस

नमस्कार मंडळी. पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. कंबर आणि डावा खांदा, दोन्ही गेलं वर्षभर दुखतंय. कुठे पडलो-झडलो नाही, जड काही उचललं नाही, असंच कधीतरी सुरू झालं आणि मग थांबलंच नाही. दिवसभर अभ्यासिकेत बसून असतो, खुर्ची म्हणजे ती प्लास्टिकची, वर आपापली उशी टाकायची. रूमवरची गादी मधे खोलगट झालीये, रात्री एक-दीडच्या आधी झोप नाही, चहाचं तर विचारूच नका. एमआरआय काढला तर 'एल४-एल५ माइल्ड डिस्क बल्ज' असं आलं, म्हणजे कंबरेच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलीये. तेव्हापासून खाली वाकायलाच भीती वाटते, बादलीसुद्धा रूममेटला उचलायला लावतो, तो बिचारा उचलतोही पण तोंड वाकडं करून. डॉक्टरांनी गोळ्या आणि बेल्ट दिला, गोळी घेतली की बरं, सोडली की परत तेच.

आता खरी गंमत. दिवाळीत गावी गेलो (परभणीकडे), कापूस वेचणी चालू होती, माणसं मिळेनात म्हणून मीपण गेलो. आई नको नको म्हणत होती. मलाही वाटलं आता कायमचा झोपतो मी. पण उलटंच झालं, तिकडे दुखणं निम्म्यावर आलं, आणि पुण्यात येऊन बसलो तर आठवड्याभरात जैसे थे. हे कसं काय? निकालाच्या आसपास तर हमखास वाढतं. मेसवाले काका म्हणतात वात आहे, मित्र म्हणतो खुर्ची बदल, मामा म्हणतो मोबाईल सोड. तरुण वयात असं कायमचं दुखणं असलेले इथे कोणी असतील तर सांगा, रोजच्या कुठल्या गोष्टींनी फरक पडतो?

हाडवैरी

फिजिओ आहे, बारा तास त्या खुर्चीवर बसणारी तुमची बरीच मंडळी बघते. आधी त्या रिपोर्टबद्दल. विशीतल्या ज्या लोकांची कंबर अजिबात दुखत नाही अशांचे स्कॅन बघितले तरी सुमारे ३० टक्के लोकांत बल्ज दिसतो आणि ३७ टक्क्यांत डिस्कची झीज, २०१५ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता त्यातले आकडे आहेत. म्हणजे तुझा बल्ज दुखण्याशी संबंधित असेलही, नसेलही. पण तो कागद हातात पडल्यापासून तू वाकणं सोडलंस, हे मला बल्जपेक्षा जास्त खटकतं.

तीन महिन्यांच्या वर दुखणं राहिलं की त्याला क्रॉनिक म्हणतात, आणि तोपर्यंत बऱ्याचदा मूळ इजा (झाली असेल तर) भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन बसलेली असते. मग साध्या गोष्टीही दुखायला लागतात. हा हळवेपणा कशाने वाढतो तर झोप कमी, टेन्शन, एका जागी बसणं, सिगारेट, आणि 'आता काहीतरी तुटणार' ही भीती. त्यातही झोप सगळ्यात वर ठेवीन मी. लोक म्हणतात दुखतं म्हणून झोप येत नाही, खरंच आहे ते, पण झोप बिघडली की दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढतं हे त्याहून पक्कं आहे. गावी तू किती वाजता झोपत होतास?

खुर्चीबद्दल सगळे बोलतात पण 'योग्य पोश्चर' असं एकच काही नसतं रे. हजाराची उशी घेऊन चार तास ताठ बसण्यापेक्षा वेडंवाकडं बसून दर अर्ध्या तासाने उठलेलं परवडलं. बेल्ट रोज दिवसभर नको, ज्यांनी दिला त्यांच्याशी बोलून हळूहळू सोड. आणि रिकाम्या पोटी गोळ्या बंद! रोज रोज घेतल्या तर पोट आणि किडनी दोन्हीची वाट लागू शकते.

सकाळचा_लाकूडतोड्या

हाडवैरी ताईंचं पटलं, पण कापसाचं वाचून मी जरा थबकलो. कामाने कमी आणि बसून-झोपून वाढतं, हे माझंही असंच होतं. मला शेवटी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा, सूज येणारा संधिवात) निघाला, आणि त्याआधी काही वर्षं सगळे मला बसण्याची पद्धत सुधारायला सांगत होते (आमच्या बॉसनेही सांगितलं, तो स्वतः टेबलावर पाय ठेवून बसायचा). तर विचारतो, सकाळी उठल्यावर अंग लाकूड होतं का, अर्ध्या तासाच्या वर? पहाटे तीन-चारला दुखून जाग येते का? कधी डोळा लाल होऊन खूप दुखला? घरात कोणाला सोरायसिस किंवा असाच संधिवात? यातलं दोन-तीन जुळत असेल तर ऑर्थोकडे परत न जाता रुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताचे डॉक्टर) जा. एचएलए-बी२७ ची टेस्ट (या आजाराशी जोडलेलं जनुक बघणारी रक्ततपासणी) ते सांगतील, आपल्या मनाने करू नकोस, कारण पॉझिटिव्ह येणाऱ्या बहुतेकांना हा आजार होतच नाही आणि उगाच रात्रीची झोप उडते.

डोंबिवली_फास्ट_मिस

धागा कंबरेचा आहे पण थोडं अवांतर चालवून घ्या. मी २८, मायग्रेन आणि पाळीचं दुखणं, दोन्ही कॉलेजपासून. माझं रोजचं गणित असं की जेवण चुकलं, रात्रीचा सीरियलचा आणखी एक भाग बघितला आणि सकाळी ८:१७ च्या लोकलला लोंबकळत उभं राहून आले की दुपारपर्यंत डोकं ठणकणारच. एकेकटं काही होत नाही, तिन्ही एकत्र आलं की होतं, म्हणून मला कित्येक दिवस कळतच नव्हतं नेमकं कशाने होतंय. वहीत झोप, जेवण, पाळी, गोळी एवढंच लिहायला लागले तेव्हा कळलं की गोळ्याच फार होतायत. न्यूरोवाल्या मॅडम म्हणाल्या की महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर सतत काही महिने गेली की त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं, मायग्रेनच्या खास गोळ्यांना तर १० दिवसच. बंद केल्यावर सुरुवातीचे दिवस भयंकर गेले, मग उतरलं.

आणि मुलींनो, पाळीत कॉलेज-ऑफिस बुडवावं लागत असेल तर ते 'सगळ्यांचंच होतं' मधलं नाही. साधारण दहातल्या एकीला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) असतो. मला घरी 'लग्न झालं की थांबेल' हे औषध मिळालं होतं 🙄

वरणभात

आमच्या वेळी असले आजार नव्हते. रोज १२ सूर्यनमस्कार घाला, मोबाईल फेका, आपोआप बरं होईल.

डोंबिवली_फास्ट_मिस

@वरणभात काका, तुमच्या वेळीही दुखत होतं, फक्त बायका बाम चोळून स्वयंपाकाला उभ्या राहायच्या.

कॉट_बेसिस

एवढे रिप्लाय येतील वाटलं नव्हतं, धन्यवाद. ताई, गावी साडेनऊला आडवा होत होतो, लाईटच जायची. आणि तिकडे कोणी कटऑफ विचारत नाही, नाही म्हणायला एक काका सोडले तर. लाकूडतोड्या दादा, सकाळी कडकपणा असतो पण आंघोळीपर्यंत जातो, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. पहाटेची जाग मात्र येते कधीकधी. डोळ्याचं काही नाही. आत्याला सोरायसिस आहे, हे आत्ता तुम्ही विचारल्यावर आठवलं.

हाडवैरी

मग रुमॅटॉलॉजिस्टला एकदा दाखवच, लाकूडतोड्यांचं बरोबर आहे, कापसाचं मी भीती-झोप-हालचाल यांच्यात बसवलं पण त्याचा दुसरा अर्थही निघतो. ती भेट होईपर्यंत झोप एकला असेल तर साडेबारावर आण, लगेच दहावर नको, जमणार नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. रोज टिळक रोडवरून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालत जाऊन ये, बरं वाटलं म्हणून एकदम पायऱ्या धावत चढू नकोस, मग तीन दिवस झोपून काढतात लोक आणि म्हणतात व्यायामाने वाढलं. बादली अर्धी भरून स्वतः उचल. आणि पायातली ताकद कमी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर मात्र कोणाची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठायची.

कॉट_बेसिस

अर्धी बादली सुरू केली. रूममेट म्हणतो धागा काढणाऱ्याकडून पार्टी पाहिजे. अभ्यासिकेत उभं राहून वाचायची सोय असलेली पेठेत कुठे माहितीये का कोणाला? आमच्या इथे खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक ठेवून उभा राहिलो तर मागचा म्हणतो उजेड अडतो.