फाल्त्सच्या जंगलातले पडके किल्ले: तसेच राहू द्यावेत की पुन्हा बांधावेत?

रानवाटा:
ऱ्हाइनच्या पश्चिमेला जर्मनीचं फेल्त्सरवाल्ड (फाल्त्स या प्रदेशाचं जंगल) आणि फ्रान्सचे उत्तर व्होझ डोंगर हे सलग एकच जंगल आहे. युनेस्कोनेही १९९८ पासून दोन्ही मिळून एकच जीवावरण राखीव क्षेत्र मानलंय. बीच, ओक, पाइनची दाट झाडी, तिच्यातून वर आलेले तांबड्या वालुकाश्माचे सुळके, आणि त्यांच्या माथ्यावर मध्ययुगीन किल्ल्यांचे अवशेष.

मानहाइम-कार्ल्सरूह भागातल्या आपल्या मराठी मंडळींत पाहुण्यांना काय दाखवावं हा विषय निघाला की हल्ली एकच उत्तर येतं: फ्रान्सच्या अल्सास प्रांतातला ओ-क्योनिग्सबूर किल्ला, कारण तो पूर्ण बांधलेला आहे. बाकी ठिकाणी काय, नुसत्या पडक्या भिंती. एकाने तर लिहिलं की या देशांकडे एवढा पैसा आहे, मग सगळेच किल्ले पुन्हा उभारत का नाहीत? मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

नोटवायलरहून चार किल्ल्यांची वाट धरा. आधी वेगेल्नबुर्ग, साधारण ५७० मीटरवर, फाल्त्समधल्या किल्ल्यांत सगळ्यात उंच. तिथून जंगलातूनच सीमा ओलांडायची आणि होहेनबुर्ग, ल्योवेन्श्टाइन करत फ्लेकेन्श्टाइनला उतरायचं. या वाटेवर पहिली गोष्ट कळते ती ही की इथे कातळ हाच किल्ला आहे, भिंती नंतरच्या. खोल्या आणि जिने कातळात खोदलेले. उभ्या कड्यावर ओळीने चौकोनी खोबण्या दिसतात, त्यांत तुळयांची टोकं बसायची. एक ओळ म्हणजे एक मजला. लाकूड गेलंय म्हणूनच त्या ओळी मोजता येतात आणि मजल्यावर मजला डोळ्यांपुढे उभा राहतो. उद्या तिथे नवा वाडा चढवला तर हाच पुरावा आधी झाकला जाईल.

आणि हे किल्ले नुसते ऊन-पावसाने पडलेले नाहीत. ल्योवेन्श्टाइन १३८० च्या दशकात लुटारूंचा अड्डा म्हणून उद्ध्वस्त केला गेला. वेगेल्नबुर्ग, होहेनबुर्ग आणि फ्लेकेन्श्टाइन १६८० च्या सुमाराला फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या फौजांनी पाडले, मोंक्लार हा त्यांचा सेनापती. ही पाडापाडीसुद्धा इतिहासच आहे. भिंती परत उभ्या केल्या की तो पुसला जातो.

पुन्हा बांधल्यावर काय होतं ते बघायचं असेल तर आनवायलरचा ट्रिफेल्स आहेच. मध्ययुगीन पवित्र रोमन साम्राज्याचा मुकुट आणि राजचिन्हं तिथे ठेवली जात, ११९३ साली इंग्लंडचा राजा रिचर्ड तिथे कैदेत होता. आज जी भव्य वास्तू दिसते तिचं काम मात्र १९३८ मध्ये नाझी राजवटीत सुरू झालं. वास्तुकार रुडोल्फ एस्टेररने होता तसा ट्रिफेल्स बांधलाच नाही. त्या साम्राज्याच्या होहेनश्टाउफेन घराण्यातल्या सम्राटांना शोभेल असा महाल त्याने आपल्या कल्पनेने उभा केला. खालून तो फार देखणा दिसतो, आणि मला त्याचाच त्रास होतो. पाहणाऱ्याला वाटतं की आपण १२वं शतक बघतोय.

मानहाइमकर:
रानवाटा, तुमचा अभ्यास दांडगा आहे, पण तुम्ही फक्त अभ्यास असलेल्यांचा विचार करताय. माझे वडील सत्तरीपुढचे, गुडघे दुखतात. मुलगी आठ वर्षांची. या दोघांना खोबण्यांच्या ओळी दाखवून मजले उभे करायला सांगू? ओ-क्योनिग्सबूरमध्ये मुलीने स्वयंपाकघर पाहिलं, शेगड्या पाहिल्या, शस्त्रांचं दालन पाहिलं, आणि परतताना गाडीत प्रश्नांची सरबत्ती लावली.

शिवाय ओ-क्योनिग्सबूर आणि ट्रिफेल्स एका मापाने मोजू नका. ओ-क्योनिग्सबूर १४७९ नंतर थिअरश्टाइन घराण्याने नव्याने मजबूत केला. १६३३ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश फौजेने ५२ दिवस वेढा देऊन तो घेतला, आणि मग तो जळाला. दोन शतकांहून जास्त काळ तो तसाच पडून होता. १८९९ मध्ये सेलेस्टा नगराने तो कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिला आणि १९०० ते १९०८ या काळात बोडो एबहार्टने तो उभा केला. एबहार्ट हा किल्ल्यांचाच अभ्यासक. त्याने आधी राडारोडा उपसला, सापडलेल्या वस्तूंची नोंद केली, फोटो काढले, उभ्या भिंती धरून काम केलं. आज वर्षाला पाच लाखांच्या आसपास माणसं तिथे जातात. तुमच्या वेगेल्नबुर्गवर किती जातात?

रानवाटा:
किती माणसं जातात हा निकषच मला मान्य नाही. एबहार्टचा अभ्यास खरा, पण मालक कोण होता ते विसरू नका. अल्सास १८७१ मध्ये जर्मनीने घेतलेला. कैसरला साम्राज्याच्या पश्चिम टोकाला एक खूण हवी होती, जशी पूर्वेला मारिएनबुर्गचा किल्ला. वास्तू कितीही अभ्यासाने बांधा, ती का बांधली हे तिच्या छपरात उतरतंच. पुढे प्रथम महायुद्धानंतर तीच वास्तू फ्रेंच सरकारच्या मालकीची झाली.

मुलीला वास्तू कशी उभी राहते हे दाखवायचं असेल तर बर्गंडीतल्या गेदलोंला न्या. तिथे १९९७ पासून जंगलातच, जवळच्या खाणीचा दगड आणि ओकचं लाकूड वापरून, १३व्या शतकाच्या पद्धतीने एक नवा किल्ला बांधताहेत. गवंडी, लोहार, सुतार सगळे समोर काम करताना दिसतात. त्यासाठी एकाही जुन्या किल्ल्याला हात लावावा लागलेला नाही.

चुनेगच्ची:
मी दगडी वास्तूंच्या जतनाचं काम करते, म्हणून लिहिते. रानवाटा, 'तसेच राहू द्या' या तुमच्या शब्दांशी माझं भांडण आहे. तुम्ही पाहिलेला एकही अवशेष 'तसाच' राहिलेला नाही. वालुकाश्म पाणी शोषतो. उघड्या भिंतीच्या माथ्यातून पाऊस आत मुरतो, थंडीत ते पाणी गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. फटीत झाडाचं बी पडलं की मूळ भिंत फोडतं. जंगल आपल्याला सुंदर दिसतं, पण भिंतीला ते खातं. म्हणून कुणीतरी ठरावीक काळाने वर चढून झुडपं काढतं, माथ्याचे सांधे चुन्याने भरतं. सिमेंटने भरले तर आणखी वाईट, कारण सिमेंट दगडाहून टणक आणि पाणी बाहेर सोडत नाही. मग ओल दगडात अडकते आणि सांधा शाबूत राहून दगडच झिजतो. सह्याद्रीतही हे पाहिलंय: चांगल्या मनाने केलेली सिमेंटची डागडुजी, आणि काही पावसाळ्यांत भोवतीचा दगड सुटलेला.

तुमचा वाद मात्र नवा नाही, याच भागात सव्वाशे वर्षांपूर्वी तो पेटला होता. हायडेलबर्गचा राजवाडा पुन्हा बांधायचं घाटत होतं तेव्हा स्ट्रासबुर्गचे कला-इतिहासाचे प्राध्यापक गेओर्ग डेहिओ यांनी १९०१ मध्ये जाहीर विरोध केला. जतन करा, नव्याने घडवू नका, ही त्यांची भूमिका. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे वास्तुजतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्याने, जवळपास तेच म्हटलं: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. हायडेलबर्गला एकाच चौकात दोन्ही उत्तरं उभी आहेत. राजवाड्याचा फ्रीडरिशबाऊ हा भाग १९०० च्या सुमाराला नव्याने सजवलेला, आणि जवळच ऑटहाइनरिशबाऊ, छप्पर नसलेला, नुसता दर्शनी भाग. मानहाइमकर, ते तुम्हाला अगदी जवळ आहे आणि वडिलांना फार चढावंही लागणार नाही.

आजोळ:
आणखी एक प्रकार कुणी बोललंच नाही. एर्लेनबाखचा बेरवार्टश्टाइन. १८९३ मध्ये थेओडोर फोन बागिन्स्कीने तो विकत घेऊन राहण्याजोगा केला. आत भोजनालय आहे, मार्गदर्शक गोष्टी सांगतात. हान्स फोन ट्रोटाने वाइसेनबुर्गच्या मठाशी भांडण काढून नदीला बांध घातला आणि गावाचं पाणी तोडलं, मग बांध फोडून पूर आणला, ही त्याच किल्ल्याची गोष्ट. अल्सासमध्ये नाताळात मुलांना ज्या हान्स ट्रापची भीती घालतात तो हाच माणूस. पडक्या भिंतीपाशी उभं राहून ही गोष्ट कोण सांगणार? माझं मत मानहाइमकरांच्या बाजूने. ज्या वास्तूत माणसांची ये-जा असते तिची देखभाल आपोआप होते.

सह्यकडा:
मी नाशिकचा, जर्मनीत राहत नाही, पण हा वाद माझ्या घरचा आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगाने उडवले. अलंग-मदन-कुलंगच्या उद्ध्वस्त पायऱ्या पाहिल्या की आजही राग येतो. रायगडावर जिथे राज्याभिषेक झाला तिथे नुसती जोती पाहून पोटात तुटतं. फाल्त्सच्या कुठल्याशा सरदाराचा किल्ला पडका राहिला तर कुणाला काय वाटणार? आमच्यासाठी गड हे देवस्थान आहे. रायगड पुन्हा उभा राहिला तर मी तिथे डोकं टेकवीन आणि त्यात अंदाज किती हे विचारणार नाही.

रानवाटा:
सह्यकडा, तुमची भावना माझीही आहे. पण नेमक्या याच कारणासाठी मी ट्रिफेल्सचं उदाहरण दिलं. तोही 'राष्ट्राचं पवित्र स्थान' म्हणूनच बांधला गेला.

सह्यकडा:
ही तुलना मला सहन होणारी नाही. नाझी कुठे आणि महाराज कुठे!

रानवाटा:
महाराजांची तुलना कुणाशीच करत नाही. हेतू निराळे, पण दगडाचं काय होतं ते सारखंच. रायगडावरच्या वाड्याचे वरचे मजले कसे होते, खांबांवर नक्षी कोणती होती, हे कोणत्या चित्रावरून ठरवणार? आज जोत्यापाशी उभं राहून आपण जे पाहतो ते शंभर टक्के त्या काळचं आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने रायगडासह १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, तेही हा अस्सलपणा बघून. तो एकदा गेला की पुढच्या पिढीला नवा महाल दिसेल आणि जुनं जोतं त्याखाली गाडलं जाईल.

सह्यकडा:
तरी मला छप्पर हवं आहे. निदान दरवाजे तरी, ज्यांचे दगड तिथेच खाली पडलेले आहेत.

चुनेगच्ची:
हे होऊ शकतं. पडलेले मूळ दगड ओळखून पुन्हा आपल्या जागी बसवायला व्हेनिस सनदही मान्यता देते. एक अट आहे: भर घातलेला भाग डोळ्यांना वेगळा दिसला पाहिजे.

शिक्रा:
जंगलाच्या बाजूने थोडं. या तांबड्या कड्यांवर बहिरी ससाणा घरटं करतो. कीटकनाशकांमुळे तो जर्मनीच्या बऱ्याच भागातून जवळपास नाहीसा झाला होता, आता परत आलाय. विणीच्या काळात, म्हणजे हिवाळा संपता संपता ते उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, काही कडे चढाईला बंद ठेवतात. किल्ला बांधला की वर गाडीरस्ता येतो, वाहनतळ येतो, रात्री दिवे येतात. ससाण्याला तिथे जागा उरणार नाही.

मानहाइमकर:
सगळ्यांचं वाचलं. हायडेलबर्गला नक्की जाऊ. गेदलों मात्र इथून दिवसभराचा प्रवास आहे, शाळेच्या शनिवार-रविवारात बसत नाही. पटलं एवढंच की वर अंदाजाने महाल बांधू नये. पण माझा मुद्दा अजून तिथेच आहे. धडधाकट माणसालाच किल्ला बघायला मिळावा हे न्याय्य नाही. निदान एका वाटेला कठडा घाला, मध्ये बसायला बाक ठेवा, एखाद्या बुरजापर्यंत चाकाची खुर्ची जाईल असा उतार करा. याला तुम्ही किल्ल्याची मोडतोड म्हणणार असाल तर मी मोडतोडीच्या बाजूचा.

रानवाटा:
कठड्याला आणि बाकाला माझा विरोध कधीच नव्हता. उताराबद्दल जागा बघून ठरवावं लागेल, सुळक्यावर तो करायचा तर कातळच फोडावा लागेल. फ्लेकेन्श्टाइनला गाडी बरीच जवळपर्यंत जाते आणि मुलांना लाकूड-वालुकाश्माची ओळख करून देणारं दालनही आहे. वडिलांना तिथे खालीच बसवा. खालूनच तो सुळका सगळ्यात चांगला दिसतो. मुलीला घेऊन तुम्ही वर जा, आणि तिलाच खोबण्यांच्या ओळी मोजायला सांगा. ती किती मजले सांगते ते इथे जरूर लिहा.