मदत हवी आहे : पिकअपच्या साडेपाच फुटी हौद्यातून एटीव्ही सुरक्षितपणे कशी न्यावी?

सर्वांना नमस्कार. मी कोलोरॅडोमध्ये डेन्व्हरजवळ राहतो. ऑगस्टमध्ये आम्ही लेक सिटीला जाणार असून तिथून अल्पाइन लूपच्या कच्च्या रस्त्याने, जमल्यास १२,८०० फुटांवरील एंजिनियर खिंडीपर्यंत, एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी छोटी चारचाकी) चालवण्याचा विचार आहे. नाशिकहून आलेले आई-बाबा सोबत असल्यामुळे गाडीत आम्ही पाच जण असू, आणि आमचे एकत्रित वजन सुमारे ६९० पौंड भरते. अंतर अडीचशे मैलांच्या आसपास आहे आणि वाटेत ११,३१२ फूट उंचीची मोनार्क खिंड ओलांडायची आहे. आजवर एटीव्ही मित्राच्या ट्रेलरवरून नेली. या वेळी तो मिळणार नसल्यामुळे ती पिकअपच्या हौद्यातून न्यावी असे ठरवले आहे.

पिकअप चार दारांची एफ-१५० आहे, त्यामुळे हौदा आतून जेमतेम ६७ इंच लांब आहे. एटीव्हीची लांबी ८३ इंच आणि रुंदी ४८ इंच आहे. हौद्यातील चाकांवरच्या उंचवट्यांमध्ये साधारण ५० इंच जागा असल्यामुळे रुंदीची अडचण नाही. मात्र पुढचा बंपर हौद्याच्या भिंतीला टेकवूनही मागची चाके नेमकी फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या दाराच्या) बिजागरीवर येतात आणि फाळका उघडाच ठेवावा लागतो. पेट्रोल आणि मागची पेटी धरून एटीव्ही ७९० पौंड, ती चढवायचा रॅम्प ४५ आणि सामान २०० पौंड, म्हणजे एकूण १,०३५ पौंड होतात. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर १,६४० पौंडांची मर्यादा लिहिलेली आहे, तेव्हा वजनाचा प्रश्न नसावा असे मी धरून चालतो.

फाळका उघडा ठेवून एवढा प्रवास करणे योग्य आहे का? खाली प्लायवुड टाकल्यास भार विभागला जाईल का? शिवाय गेल्या महिन्यात घरासमोर सराव करताना, एटीव्हीची पुढची चाके फाळक्यावर पोहोचत असतानाच सहा फुटी रॅम्प चार बोटे मागे सरकला. मी तत्काळ थांबलो आणि कोणालाही इजा झाली नाही, पण माझा मुलगा शेजारीच उभा होता आणि ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नमस्कार. प्रथम वजनाबद्दल, कारण तिथे तुमची गफलत झाली आहे. पट्टीवरचा आकडा माणसे आणि सामान मिळून असतो. तुमच्या १,०३५ मध्ये ६९० मिळवले की १,७२५ होतात, म्हणजे तुम्ही निघण्यापूर्वीच मर्यादेच्या ८५ पौंड वर आहात. त्याच चौकटीवर मागच्या अ‍ॅक्सलची स्वतंत्र मर्यादाही छापलेली असते आणि हौद्यातले जवळजवळ सगळे ओझे त्याच अ‍ॅक्सलवर येते. महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरील वजनकाट्यावर दोन्ही अ‍ॅक्सलचे वजन वेगवेगळे मिळते. एकदा सगळ्यांना बसवून आणि सामान भरून तिथे गाडी उभी कराच.

फाळक्याचा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. एटीव्ही चढवताना तो तिचा भार पेलतो, म्हणून प्रवासातही पेलेल असे अनेकांना वाटते. पण चढवणे काही सेकंदांचे आणि संथ असते, तर रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तोच भार उसळून पुन्हा आदळतो. तुमच्या एटीव्हीचे निम्मे वजन, म्हणजे जवळपास ४०० पौंड, दोन बिजागऱ्या आणि दोन पोलादी दोऱ्या यांच्या भरवशावर अडीचशे मैल जाईल. प्लायवुडमुळे भार पसरेल, पण फाळक्यावरून हटणार नाही. शिवाय पट्ट्यांनी एटीव्ही खाली ओढली की तो ताणही त्यातच मिळतो. फाळका उघडा असल्यामुळे त्यावरील कॅमेऱ्याला फक्त जमीन दिसेल, आणि केबिनच्या वरचा ब्रेकचा दिवा एटीव्हीआड जाईल, तोही उतारावर, जिथे मागच्या चालकाला तो दिसायलाच हवा. माझे स्पष्ट मत आहे की या हौद्यातून ही एटीव्ही नेऊ नये. ट्रेलर भाड्याने घ्यावा.

रॅम्प का सरकला, तेही सांगतो. पुढची चाके फाळक्यावर पोहोचली की मागची चाके एटीव्हीला पुढे नेताना रॅम्पला मागे ढकलतात. रॅम्पची वरची टोके पट्ट्यांनी बंपरखालच्या हिचला (ट्रेलर जोडण्याच्या सांध्याला) घट्ट बांधल्याशिवाय चाक वर घालू नका. फाळका जमिनीपासून ३५ इंच असेल, तर सहा फुटी रॅम्पचा चढ सुमारे २९ अंशांचा होतो आणि आठ फुटीचा २१ अंशांचा. हा फरक चढताना लगेच जाणवतो. पिकअपची मागची चाके सखल जागी उभी केली, तर चढ आणखी कमी होतो. आणि मुलाला शेजारी किंवा मागे मुळीच उभे करू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. पट्टीवरचा मजकूर आज पुन्हा वाचला; त्यात प्रवाशांचा उल्लेख स्पष्ट आहे. ट्रेलर भाड्याने घेतो. ट्रेलर आणि एटीव्ही मिळून अंदाजे १,७०० पौंड होतील. मग पिकअपवर किती भार येईल, आणि एटीव्ही ट्रेलरवर कशी बांधावी?

प्रतिसाद १

हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा, म्हणजे तुमच्या बाबतीत १७० ते २५५ पौंड. माणसे आणि सामान धरूनही तुम्ही १,१५० च्या आतच राहाल. त्यासाठी एटीव्ही ट्रेलरच्या मध्यापेक्षा थोडी पुढे ठेवा. ती मागे राहिली तर वेग वाढताच ट्रेलर डोलू लागतो. चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्टे लावा आणि ते सांगाड्याला बांधा, सामानाच्या जाळीला नको. पट्टा निवडताना तुटण्याची क्षमता न पाहता कामाची क्षमता पाहा. कामाची क्षमता, म्हणजे पट्टा सुरक्षितपणे पेलू शकतो तो भार, साधारण तुटण्याच्या क्षमतेच्या एक तृतीयांश असते. एटीव्हीचा हँडब्रेक लावा, आणि पहिल्या वीस-पंचवीस मैलांनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण स्प्रिंगा बसल्या की ते हमखास सैल होतात. मोनार्क उतरताना सतत ब्रेक दाबून न ठेवता माथ्यावरच खालचा गिअर टाका.