कचरागाडीचं गाणं लागलं की कुत्री दिवाणाखाली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दिवाळीनंतर आलेली शेवंती. अंगानं देशी, पण कान लॅब्रॅडॉरसारखे लोंबते, बायपासवर कोणीतरी सोडून दिली होती, तिथून रेस्क्यूवाल्या मुलांनी उचलली आणि मग आम्ही दत्तक घेतली. दात बघून डॉक्टर म्हणाले दोन-अडीच वर्षांची असेल. नसबंदी झालीये, रेबीजची लस झालीये, गोचीड ताप होता तोही गेला. तब्येत झकास.

आता प्रॉब्लेम. इंदूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते, इथे रोज सकाळी नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत दारोदार येते, ओला-सुका सगळा वेगवेगळा द्यायचा. गाडी मागच्या गल्लीत असते, आपल्याला काही ऐकूही येत नसतं, तेव्हाच ही तोंडातलं बिस्कीट टाकून उठते, शेपूट पोटाखाली, थेट दिवाणाखाली. मग तिथून फरशीवर नखांचा टकटक आवाज येत राहतो, इतकी थरथरते, आणि बरेचदा तिथेच शू. गाडी गेली तरी बाईसाहेब बाहेर यायला तयार नाहीत. आणि गंमत म्हणजे कुकरची शिट्टी, मिक्सर, शेजारचं ड्रिल, कशाचंही काही नाही हो, ढिम्म!

नवरा म्हणतो जवळ घेऊ नकोस, लाडानं भीती वाढते. सासूबाई म्हणतात पट्टा लाव आणि कचरा टाकायला सोबतच ने, रोज बघितली की सवय होईल (ह्याच सासूबाई आधी सोवळ्याचं कारण सांगून नको म्हणत होत्या, आता सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे वेचून तिला भरवतात). समोरचे काका म्हणतात झोपेची अर्धी गोळी द्या. कोणाचं ऐकू? गाडी काय बंद होणार नाही आणि व्हायलाही नको. त्यात रंगपंचमी आलीये, गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) राजवाड्याकडे असली तरी डीजे आमच्याही कॉलनीत लागतोच.

प्रतिसाद १
बाकीचं नंतर, आधी ते बेदाणे बंद करा ताई. द्राक्षं, मनुका, बेदाणे, सगळ्यांनीच कुत्र्यांची किडनी फेल होऊ शकते आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल ते आधी सांगता येत नाही. पोह्यातला कांदाही नको. खाऊन उलट्या झाल्या किंवा सुस्त पडली तर वाट न बघता डॉक्टरकडे.

प्रतिसाद २
मी बडोद्याची, आमच्याकडे उत्तरायणला रात्री फटाके असतात, त्यामुळे यातून गेलेय. जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही, ती येत असेल तर खुशाल घ्या. फक्त ओढून बाहेर काढू नका आणि गाडीपाशी तर अजिबात नेऊ नका, त्यानं उलट पक्कं बसतं. ते गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. दुपारी, गाडी नसताना, एकदम बारीक आवाजात लावा, इतकं बारीक की तिनं कान टवकारावेत पण खाणं सोडू नये. गाणं सुरू झालं की पनीरचा तुकडा, बंद झालं की पनीर बंद. आवाज हळूहळू वाढवायचा, घाबरली की परत मागे. आठवडे लागतात, घाई करू नका. तोपर्यंत गाडीच्या वेळी आतल्या खोलीत खिडकी लावून पंखा फुल, आणि दिवाणाखाली तिची गादी टाकून द्या, तिला ती जागा सेफ वाटते तर वाटू द्या. शू केली म्हणून रागावू नका, मुद्दाम नाही करत ती.

प्रतिसाद ३
काकांची गोळी नकोच. गुंगीच्या औषधानं नुसतं अंग ढिलं पडू शकतं, आत भीती तशीच. भीतीवरची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टर वजन बघून देतात. रंगपंचमीच्या आधीच विचारून ठेवा. महूचं व्हेटरनरी कॉलेज तुम्हाला लांब नाही.

धागाकर्ती
बापरे, बेदाण्यांचं खरंच माहीत नव्हतं, सासूबाईंना वाचून दाखवलं, डबा वरच्या फळीवर गेला. उद्या गाणं रेकॉर्ड करते. बडोद्याच्या ताई, एक विचारायचं होतं, गाणं लागायच्या आधी गाडीची घरघर येते, ती पण रेकॉर्डिंगमध्ये हवी का? मला वाटतं ही गाण्याला नाही, त्या घरघरीलाच उठते.