बुरशीचं नाव नक्की कुठलं धरायचं? आणि जाती दीड लाख की पंधरा लाख? (अर्जंट)

शेवाळी:
मंडळी प्लीज लवकर सांगा, उद्या दुपारपर्यंत तक्ता द्यायचाय आणि मी सकाळपासून एकाच जागी अडकलेय. दोन पुस्तकांत फोटो तोच, वर्णन तेच, पण नाव वेगळं. कुठलं बरोबर? शिवाय एकीकडे बुरशीच्या जाती दीड लाख लिहिल्यात आणि दुसरीकडे पंधरा लाख, शून्य जास्तीचं पडलंय का?

रानवाट:
कुठली बुरशी? पुस्तकं कुठल्या सालची? एवढं तरी सांगा.

शेवाळी:
अहो ती शाईवाली, राखाडी टोपीची, जिचं वितळून काळं पाणी होतं.

तिसरा_डोळा:
शाई होणाऱ्या बऱ्याच आहेत. टोपीवर खवले आहेत का? दोन्ही नावं जशीच्या तशी टाइप कर.

गंमतजंमत:
राखाडी असेल तर खाऊन वर दारू अजिबात घेऊ नका. त्यात कोप्रिन नावाचं द्रव्य असतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. दोनतीन दिवसांनी घेतली तरी त्रास होऊ शकतो.

शेवाळी:
खायची नाहीये हो, तक्ता करायचाय! जुनं पुस्तक १९८५ चं, त्यात कोप्रिनस अ‍ॅट्रामेंटॅरियस. नवीन २०१५ चं, त्यात कोप्रिनॉप्सिस अ‍ॅट्रामेंटॅरिया. दोन्हीकडे पुढे कंसात 'बुल.' लिहिलंय, ते काय? आणि शेवटी 'यस' चं 'या' झालंय ती छपाईची चूक का?

तिसरा_डोळा:
हे आधी सांगायचं ना. दोन्ही एकच. पूर्वी शाई होणाऱ्या बहुतेक अळंब्या कोप्रिनस या एकाच प्रजातीत (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) टाकायचे. मग डीएनए बघितल्यावर कळलं की लांबट पांढरी, खवलेवाली कोप्रिनस कोमॅटस ही बटन मशरूमच्या घराण्यातली आणि तुझी राखाडी वेगळ्याच कुळातली. आता कोमॅटस ही त्या प्रजातीची नमुना-जात, म्हणजे जिला प्रजातीचं नाव बांधलेलं असतं ती, म्हणून कोप्रिनस हे नाव तिच्याकडेच राहिलं आणि बाकीच्या जवळपास सगळ्यांना २००१ मध्ये बाहेर पडावं लागलं. 'या' ही चूक नाही, कोप्रिनस पुल्लिंगी आणि कोप्रिनॉप्सिस स्त्रीलिंगी, काळा घोडा पण काळी घोडी तसं. बुल. म्हणजे बुलियार, पहिलं नाव देणारा. तेव्हा टोपीखाली पडदे असलेल्या अळंब्या सगळ्या अ‍ॅगॅरिकसमध्येच जायच्या. जात दुसऱ्या प्रजातीत हलवली की मूळ माणूस कंसात जातो आणि हलवणारे कंसाबाहेर येतात.

जुनी_वही:
मी पंचवीस वर्षं कोप्रिनसच शिकवलं. पोरांना डोळ्यासमोर शाई गळताना दिसते, पांढऱ्या कागदावर टोपी ठेवली की सकाळी काळा डाग, त्यावरून ओळखतात ती. डीएनए वर्गात कुठून दाखवायचा? तक्त्यात जुनंच लिही.

तिसरा_डोळा:
सर, शाईवरून ओळखा की, कोण नको म्हणतंय. पण नातं शाईवरून ठरत नाही. जुनं नाव रद्दीत नाही जात, समानार्थी म्हणून खाली लिहितात.

जुनी_वही:
उद्या नुसत्या डीएनएच्या सिक्वेन्सवर (अक्षरांच्या क्रमावर) नावं द्याल!

तिसरा_डोळा:
तसं चालत नाही. जपून ठेवलेला नमुना लागतो. सिक्वेन्सलाच नमुना धरा अशी मागणी झाली होती, ती २०१८ ला फेटाळली. १ जानेवारी २०१३ पासून तर नव्या नावाला मायकोबँकसारख्या बुरशीच्या नावांच्या नोंदणीतला नंबरही लागतो, नाहीतर नाव वैधच नाही. तेव्हापासून एका बुरशीला एकच नाव हाही नियम आहे. आधी लैंगिक अवस्थेला एक आणि अलैंगिकला दुसरं अशी दोन-दोन चालायची.

रानवाट:
शून्याचं कोणी सांगितलंच नाही. छपाईची चूक नाही ती. दीड लाखाच्या आसपास म्हणजे नाव दिलेल्या. पंधरा लाख हा हॉक्सवर्थ या बुरशीतज्ज्ञांचा १९९१ चा अंदाज. ब्रिटनमध्ये एका वनस्पतीमागे साधारण सहा बुरशा सापडलेल्या, तेच प्रमाण जगातल्या २ लाख ७० हजार वनस्पतींना लावलं की १६ लाखांवर जातं, त्यांनी हात आखडून १५ लाख धरले. २०१७ ला त्यांनी आणि ल्युकिंगनी आकडा २२ ते ३८ लाख केला. म्हणून तक्त्यात 'ज्ञात' आणि 'अंदाजे' असे दोन रकाने कर, एकाच रकान्यात घातलंस तर दोन्ही चुकीचे दिसतील.

गंमतजंमत:
बुरशी म्हणू नका, कवक म्हणा. बुरशी म्हणजे नुसती पावावरची.

जुनी_वही:
बुरशी चांगला शब्द आहे, सगळ्यांना कळतो. कवक शब्द परीक्षेपुरता.

शेवाळी:
भांडू नका प्लीज! असं लिहिलंय: कोप्रिनॉप्सिस अ‍ॅट्रामेंटॅरिया, खाली लहान अक्षरात जुनं नाव, गट बेसिडिओमायकोटा (अळंब्या येतात तो मोठा गट). आकडे दोन रकान्यांत. शेजारी बटाट्याच्या करप्याची फायटॉप्थोरा पण काढलीय, तिला कुठला गट लिहू?

तिसरा_डोळा:
तिला तक्त्यातून काढ. तंतू बुरशीसारखे दिसतात पण पेशीच्या भिंतीत सेल्युलोज असतं, बुरशीच्या भिंतीत कायटिन नावाचं द्रव्य असतं. तिचं नातं तपकिरी शेवाळांशी आहे.

शेवाळी:
अरे देवा, शाईने रंगवून झालीये ती. बरं, खोडते. खूप खूप आभार सगळ्यांचे.

तिसरा_डोळा:
थांब, फोटोतल्या टोपीवर खवले आहेत का ते अजून सांगितलं नाहीस. तपकिरी खवले असतील तर ती कोप्रिनॉप्सिस रोमाग्नेसियाना ही दुसरी जात असू शकते, मग नाव पुन्हा बदलेल.