नुसता वजनकाटा पुरणार नाही
जादा माल भरलेले ट्रक पकडायला नाक्यावर वजनकाटा असताना रस्त्यात सेन्सर कशाला, असं एकाने विचारलंय. काट्यासाठी प्रत्येक ट्रक थांबवावा लागतो. डांबरात पुरलेले सेन्सर चालत्या गाडीच्या एकेका एक्सलचा (दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्याचा) भार मोजतात, आणि रस्ता फोडतो तो हाच भार. तो दुप्पट झाला की नुकसान साधारण 16 पट! खनिज वाहतूक जोरात होती तेव्हा गोव्यातल्या उसगाव-तिस्क भागात पाहिलंय, चाकांच्या रेषेत डांबर खचलेलं आणि मधला पट्टा शाबूत.

जागा मात्र सपाट, सरळ हवी. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की भार पुढच्या एक्सलवर सरकतो, आकडा चुकतो. संशयित गाडी तेवढी बाजूला घेऊन काट्यावर घाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 रुपये दंडाशिवाय जादा माल उतरवण्याचीही तरतूद आहे, ती आधी वापरा.