बसबारभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

प्रश्न (भांडुप): नमस्कार. आमच्या कारखान्यात तयार होणाऱ्या वीज पॅनेलमध्ये बसबारशेजारचा (वीज वाहून नेणाऱ्या जाड धातूच्या पट्टीशेजारचा) पोलादी पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो. ५० हर्ट्झवरचे क्षेत्र आणि एडी करंट (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत फिरणारे प्रवाह) काढण्यासाठी महागडा परवाना घ्यावाच लागेल का?

उत्तर (पवई): बसबारचा छेद लांबीभर सारखा असेल, तर एफईएमएम हे मोफत, द्विमितीय सॉफ्टवेअर पुरेसे आहे. जाळी (गणितासाठी आकृतीचे पाडलेले छोटे तुकडे) मात्र जपून घ्यावी. ५० हर्ट्झला तांब्यात प्रवाह सुमारे ९.३ मिलिमीटर खोलीपर्यंत शिरतो, पण पोलादाची चुंबकीय पारगम्यता खूप जास्त असल्याने तिथे ही खोली साधारण एका मिलिमीटरवर येते आणि तेवढ्या थरात जाळीचे दोन-तीन घटक बसले नाहीत, तर उष्णतेचा आकडा फसवा निघतो.

उत्तर (दादर): सहमत आहे. बसबार पत्र्यातून आरपार जात असेल, तर त्रिमितीय गणित लागेल. त्यासाठी एल्मर मोफत मिळते. एचएफएसएस मुख्यतः अँटेनासारख्या उच्च वारंवारतेच्या कामाचे आहे, ते इथे घेऊ नये. तिन्ही फेज वेगवेगळ्या भोकांतून नेले आहेत का?

प्रश्नकर्ता: होय, तीन वेगळ्या भोकांतून.

उत्तर (दादर): मग भोकांमधला पत्रा कापून एकच खाच करावी, म्हणजे प्रत्येक फेजभोवती पोलादाचे बंद कडे राहणार नाही, आणि आधी तेच प्रारूप सोडवून पाहावे.