खुब्याच्या हाडातले स्क्रू मागे सरकले आहेत : थांबावे की सांधा बदलावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझी आई ६७ वर्षांची आहे. साडेचार महिन्यांपूर्वी ती पलंगावरून उठताना पडली आणि डाव्या मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याच्या गोलाच्या लगेच खालचा निमुळता भाग, मोडली. तुकडे फारसे सरकले नव्हते, म्हणून डॉक्टरांनी सांधा न बदलता तीन स्क्रू घालून हाड जागेवर धरून ठेवले. पहिले तीन महिने सुधारणा चांगली होती. वॉकर सुटून काठी आली होती. गेले पाच आठवडे मात्र जांघेत कळ येते. बसलेली असताना काही जाणवत नाही, पण खुर्चीतून उठून पहिली चार-पाच पावले टाकताना ती डावा हात मांडीवर दाबून धरते, काही बोलत नाही, आणि मग हळूहळू चालू लागते.

मागच्या आठवड्यात नवा एक्स-रे काढला. जुनी आणि नवी अशा दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावून पाहिल्या, तेव्हा मलासुद्धा फरक दिसला. पूर्वी हाडाला टेकलेली स्क्रूंची डोकी आता बाहेर आली आहेत. खालचा स्क्रू पट्टीने मोजला तर सात मिलिमीटर. (फिल्मवर मोजलेले अंतर खरे नसते हे ठाऊक आहे, तरी मोजल्यावाचून राहवले नाही.) मोडीची रेघ पुसट झाली आहे, पण पुरती गेलेली नाही.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणतात की मोडीच्या जागी हाड दबून मान थोडी आखूड झाली आहे, त्यामुळे स्क्रू मागे आले. आणखी सहा आठवडे वाट पाहू. दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचे मत असे की हाड जुळत नाही, आता वेळ न दवडता स्क्रू काढून सांधा बदलावा. दोघांनीही शांतपणे समजावून सांगितले, त्यामुळे पेच अधिकच वाढला.

आतापर्यंत वाचून जे उमगले ते लिहितो, चुकत असल्यास सुधारावे. इतर हाडांत मोडीभोवती बाहेरच्या आवरणातून कॅलसची, म्हणजे नव्याने तयार होणाऱ्या हाडाची, गाठ धरते आणि ती एक्स-रेमध्ये दिसते. मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या पिशवीच्या आत असते आणि तिथल्या आवरणाला कॅलस तयार करणारा थर नसतो, म्हणून ती आतूनच जुळते. त्यामुळे गाठ दिसत नाही एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. शिवाय गोलाला रक्त पुरवणाऱ्या बहुतेक वाहिन्या मानेवरूनच वर जातात. मोडीत त्या फाटल्या तर गोलाचा काही भाग पुढे काही महिन्यांनी मृत होऊ शकतो.

२०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ‘फेथ’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात पन्नाशीच्या पुढच्या १,१०८ रुग्णांत एका गटाला साधे स्क्रू आणि दुसऱ्या गटाला बाजूच्या पट्टीसह सरकणारा मोठा स्क्रू बसवला होता. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण साध्या स्क्रूंत २२ टक्के आणि मोठ्या स्क्रूत २० टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. हा आकडा मी दहा वेळा वाचला असेन, पण आई त्या पाचातल्या एकीत मोडते की उरलेल्या चौघींत, हे त्यावरून कसे कळणार?

माझे प्रश्न असे : हाड जुळते आहे की नाही हे आज, याच टप्प्यावर, खात्रीने सांगणारी तपासणी कोणती? सहा आठवडे थांबल्याने पुढचा सांधाबदल अवघड होतो का? आणि हाडे ठिसूळ असल्याने वर्षातून एकदा द्यायचे झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन सुचवले आहे. हाडाची झीज थांबवणारे हे औषध जुळण्यालाच खीळ घालणार नाही ना?

प्रतिसाद १

मी अस्थिशस्त्रक्रिया विभागात काम करतो. रुग्ण न पाहता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगता येतील. समांतर घातलेले स्क्रू मागे सरकू शकतील अशाच रीतीने बसवलेले असतात, कारण वजन पडल्यावर मोडीची दोन्ही टोके एकमेकांवर दाबली जावीत हाच त्यामागचा हेतू असतो. म्हणून स्क्रू मागे येणे म्हणजे हाड न जुळणे, असे समीकरण मांडू नका. पाहायचे ते हे की सरकणे थांबले आहे की दर एक्स-रेगणिक वाढते आहे, आणि गोल एका बाजूला कलतो आहे का. सगळ्या जुन्या फिल्म तारखेनुसार लावून दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा.

मोडीच्या आरपार हाडाचे पूल झाले आहेत का, हे सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते. गोलाचा रक्तपुरवठा पाहायला एमआरआय उपयोगी, पण स्क्रूच्या धातूमुळे चित्र बिघडते. स्टीलपेक्षा टायटॅनियममध्ये कमी. कागदपत्रांत धातू कोणता ते बघा.

थांबण्याबाबत मत देतो. हाड जुळलेले नाही असे सीटीने दाखवले, तर या वयात रेंगाळण्यात अर्थ नाही. न चालल्याने स्नायू गळतात. मात्र स्क्रू फसल्यानंतर केलेला सांधाबदल पहिल्याच वेळी केलेल्या सांधाबदलापेक्षा थोडा जास्त जोखमीचा असतो, हे विचारून घ्या.

इंजेक्शनबद्दलची भीती बऱ्याच अंशी सोडा. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत खुबा मोडलेले २,१२७ रुग्ण होते; शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत साधारण निम्म्यांना हे औषध आणि उरलेल्यांना औषध नसलेले इंजेक्शन दिले होते; नव्या मोडी औषध न मिळालेल्यांत १३.९ टक्के, तर औषध मिळालेल्यांत ८.६ टक्के निघाल्या आणि त्याच रुग्णांच्या पुढील विश्लेषणात हाड जुळण्यावर ठळक दुष्परिणाम दिसला नाही. देण्याआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी मात्र हवीच.

आणखी एक : आईंना एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगा. जांघेतले दुखणे सांध्याकडे बोट दाखवते, तर मांडीच्या बाहेरच्या अंगाचे दुखणे बऱ्याचदा बाहेर आलेल्या डोक्यांच्या घासण्याचे असते.

धागाकर्ता

मनापासून आभार. तुमच्या सांगण्यावरून आज विचारले, तर तिने दोन जागा दाखवल्या : चालताना जांघेत, आणि डाव्या कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या अंगाला, शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली. दुसरी जागा तिने आम्हाला कधी सांगितलीच नव्हती. दोन्ही दुखण्यांची नोंद तारखेसह वेगवेगळी ठेवायला घेतली आहे. सीटी गुरुवारी आहे. स्क्रू टायटॅनियमचे आहेत, असे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले सापडले.